गुहागर ते गणपतीपुळे: सडे, खाड्या आणि तुटलेली गिअर केबल

किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल न्यायची म्हटलं की लोक म्हणतात, मग काय, सपाटच रस्ता! अजिबात नाही हो. इथे गाव समुद्राला चिकटून, गाव सोडलं की चढ, चढ संपला की जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचा सपाट माळ, तिथे जरा दम घेतोय तोवर उतार, आणि तो उतार थेट पुढच्या गावात नाहीतर खाडीवर. सह्याद्रीतून येणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्रीसारख्या नद्यांनी आणि मधल्या वहाळांनी हा सडा जागोजाग कापलाय, त्यामुळे नावाचा एकही घाट न लागता दिवसभरात पायांचं पीठ पडतं.

मी आणि माझा आतेभाऊ गुहागरहून उजाडतानाच निघालो, व्याडेश्वराला बाहेरूनच हात जोडले. जानेवारीची थंडी, आंब्याला मोहोर आलेला, पालशेतला गरम पोहे आणि चहा, सगळं कसं मस्त चाललेलं. वेळणेश्वरच्या उतारावर माडांच्या मधून एकदम समुद्र दिसला आणि आम्ही दोघंही ओरडलोच!

आणि मग हेदवीच्या चढावर टक्क.

मागच्या गिअरची केबल शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या, तोंडाशीच तुटली. केबल तुटली की स्प्रिंग डिरेलरला, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, सगळ्यात छोट्या दातेरी चाकावर ओढते, म्हणजे सगळ्यात जड गिअर, तोही चढावर आणि मागे पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लादलेले. भाऊ म्हणाला, ताई, टेम्पो बघूया का? मला रडायलाच आलं होतं खरं तर, कारण ही टूर कित्येक महिने डोक्यात होती. पुढे सायकलचं दुकान असलं तरी तिथे ब्रेकची वायर मिळणार, ती गिअरला चालत नाही, जाड असते आणि टोकाचा मणीही वेगळा.

शेजारच्या घराच्या गडग्यापाशी आजी उभ्या होत्या, म्हणाल्या, "उनात काय करतेस गो बाय, ये पडवीत." सायकलसकट पडवीत गेलो. त्यांनी कोकम सरबत दिलं, त्यांच्या मुलाने पक्कड आणली, आणि मग आम्ही तिघांनी मिळून केलेली ही युक्ती सांगतेच, कुणाला तरी उपयोगी पडेल. केबल शिफ्टरपाशी तुटली असेल तर उरलेला लांब तुकडा डिरेलरला धरलेलाच असतो. भावाने पॅडल हाताने फिरवत ठेवलं, त्या दादांनी पकडीने केबल हळूहळू ओढली, चेन एकेक चाक वर चढत गेली, वरून तिसऱ्या चाकावर आली तशी मी केबल बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली गुंडाळून स्क्रू गच्च आवळला. झालं! मागे एकच गिअर, पण हलका, आणि पुढचे तिन्ही चालू. आजींनी निघताना नारळवड्या बांधून दिल्या, पैशाचं नाव काढू दिलं नाही.

हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं. तिथल्या बामणघळीचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळातल्या अरुंद फटीतलं, उसळणारं पाणी बघायची फार इच्छा होती, पण ते भरतीला, आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी. हळहळ वाटली. तवसाळच्या जेटीवर पोचलो तर खाडीपलीकडे जयगडला जाणारी बोट नुकतीच सुटलेली, मग सावलीत बसून नारळवड्या संपवल्या.

फेरीबोटीबद्दल एक बोलायचंय. किनारी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायचे बेत आहेत, आणि दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी पलीकडे जाणाऱ्यांना ते मिळायलाच हवेत. पण सायकलवाल्यासाठी शास्त्रीच्या मुखावरची ही थोडा वेळ बसायची जागा फार मोलाची आहे, पाय मोकळे होतात, शेजारचा माणूस कुठून आलात विचारतो, पुढच्या चढाची खरी माहिती नकाशापेक्षा त्याच्याकडे असते. मला एका काकांनी सांगितलं की जयगडचा पहिला चढ चालतच जा, वर गेल्यावर वारा आहे. अगदी तस्संच निघालं.

चढ ढकलत काढला, वर आलो आणि दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा पाठीशी! सड्यावर पिवळं वाळलेलं गवत, उजवीकडे खाली समुद्र, आणि सायकल आपली पळतेय. दिवसभराचा शीण तिथेच उतरला. मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरापाशी थांबायचं ठरलंच होतं. १८६६ साली इथे जन्मलेल्या माणसाने मराठी कविता बदलून टाकली, तेव्हा तर इथवर धड रस्ताही नसेल, या विचाराने मी तिथे बराच वेळ रेंगाळले. तिथून गणपतीपुळे अगदी जवळ, दर्शनाची रांग छोटी होती, रात्री सोलकढीच्या तीन वाट्या प्यायले.

सकाळी रत्नागिरीत गिअरची केबल मिळाली, दोन घेतल्या, एक बसवली, एक पॅनियरमध्ये टाकली, आणि भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो.