बाटलीभर तेलासाठी सहा आठवडे

समुद्रकाठच्या वीजकेंद्रातला बंद पडलेला जुना टर्बाइन संच उतरवायचं काम माझ्याकडे होतं. केसिंग उघडलं, रोटर उचलला, कंडेन्सरच्या नळ्या ओढल्या. सगळं वेळेत झालं. अडलं ते ट्रान्सफॉर्मरच्या तेलापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

जुन्या तेलात पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे क्लोरीन असलेलं विषारी रसायन, असू शकतं. हे रसायन लवकर नष्ट होत नाही, अंगातल्या चरबीत साठत जातं. म्हणून 2001 च्या स्टॉकहोम करारात पीसीबी असलेली यंत्रं 2025 पर्यंत वापरातून काढायची आणि तेलाची विल्हेवाट 2028 पर्यंत लावायची असं ठरलं. 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भाग) वर सापडलं की तेल साध्या भंगारात जात नाही.

आम्ही जागेवरच किटने तपासलं. आमच्या किटमध्ये रंग जांभळा राहिला तर तेल ठीक, आमचा उडाला. झालं, टाकीभोवती पिवळी पट्टी लागली. ट्रान्सफॉर्मर नेमका क्रेनच्या वाटेत, त्यामुळे मागचं सगळं ठप्प.

खुलासा नंतर झाला. किट पीसीबी ओळखत नाही, क्लोरीन मोजतं. खाली ड्रेन व्हॉल्व्हच्या तोंडावर मिठाचा पांढरा थर बसला होता. मी तो घामट बोटांनी पुसला आणि तिथूनच बाटली भरली. खाऱ्या वाऱ्याचं मीठ असो की घाम, क्लोरीन दोन्हीत असतं. पक्कं उत्तर गॅस क्रोमॅटोग्राफी ही घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणीच देते.

मग नवा नमुना प्रयोगशाळेत गेला. दर दोन दिवसांनी फोन, दर वेळी ‘रांगेत आहे’. त्यात परवानगीच्या कार्यालयाने अर्ज परत पाठवला, कारण टाकीच्या क्रमांकाचा रकाना रिकामा. नेमप्लेट गंजून कोरी झालेली, लिहिणार काय? शेवटी वरच्या झाकणावर रंग खरवडला तेव्हा पंचने ठोकलेले आकडे दिसले. मला त्या क्षणी झालेला आनंद रोटर सुटला तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हा काम मिळाल्या दिवशीच तेल प्रयोगशाळेत पाठवा. व्हॉल्व्ह आधी कोरड्या फडक्याने पुसा, थोडं तेल वाहू द्या, कोरडे हातमोजे घाला. प्रत्येक क्रमांकाचे फोटो पहिल्याच फेरीत काढा. जुन्या वाफेच्या नळ्यांवरच्या लॅगिंगचा, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या वेष्टनाचा, नमुनाही त्याच दिवशी द्या. त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) निघालं तर वेगळं पथक लागतं. आणि हो, हे सांगायचं राहिलंच: जनरेटर हायड्रोजनने थंड होणारा असेल तर हायड्रोजन आधी कार्बन डायऑक्साइडने बाहेर काढा, हवा त्यानंतर. थेट हवा सोडलीत तर स्फोट होऊ शकतो.

सहाव्या आठवड्यात अहवाल आला: 50 च्या बराच खाली. त्याच संध्याकाळी पिवळी पट्टी मी स्वतःच्या हाताने सोडली, आणि सकाळी क्रेन आत आली.