दिवा विझवायच्या आधी वही

डिचोलीत आमचं गॅरेज आहे, पाटी साधीच, आत दोन गाड्या बसतील एवढी जागा आणि टेबलावर कायम एक लांबट वही. आत्ता सातवी चालू आहे. लोक विचारतात गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाड वाचायला स्कॅनर कुठला वापरता, पण आमचा धंदा खरा त्या वहीवर उभा राहिला, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढूया.

मी मूळचा टिप्परवाला, टिप्पर म्हणजे खाणीचा माल वाहणारे ट्रक. म्हणजे टिप्पर चालवायचो नाही, दुरुस्त करायचो. क्लच, ब्रेक, कमानी, पंप, दिवसभर डिझेल आणि लाल धूळ. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टानेही थांबवल्या, तेव्हा आमच्या भागात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. टिप्पर ताडपत्री टाकून दारात उभे, हप्ते चालू. माझ्याकडे कामच राहिलं नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या पेट्रोल गाड्या यायला लागल्या, आणि तिथे माझी गाठ पडली डॅशबोर्डवरच्या त्या इंजिनाच्या चित्राच्या पिवळ्या दिव्याशी, गाडीच्या कॉम्प्युटरला बिघाड दिसला की लागतो तो.

पहिली गाडी सांखळीच्या एका शिक्षिका बाईंची, जवळपास दहा वर्षं जुनी. काळा धूर, अ‍ॅव्हरेज पडलेलं, दिवा लागलेला. मला कुणीतरी सांगितलं होतं की बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव, दिवा जातो. काढली, गेला. चौथ्या दिवशी बाई परत, "दादा, परत लागला हो, आणि पेट्रोल तर अजून जास्त खातेय". मला फार लागलं ते. दिवा मी विझवला होता, बिघाड तसाच होता, वर कॉम्प्युटरने जे लक्षात ठेवलं होतं तेही मीच पुसून टाकलं.

म्हापशाच्या एका जुन्या मेस्तांना बोलावलं. त्यांनी बॅटरीजवळच्या एका छोट्या कपलरमधल्या, म्हणजे वायरींच्या जोडातल्या, दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि म्हणाले दिव्याकडे बघ आणि मोज. एक लुकलुक, जरा थांबून चार. तेच तीनदा. १४. त्या कंपनीच्या कोष्टकात १४ म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सर, इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा, बिघाड नसता तर नुसता १२ आला असता. (प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं आणि पिनाही वेगळ्या, मॅन्युअल न बघता दुसऱ्या गाडीत वायर घालू नका, कॉम्प्युटर जळेल.) मी म्हटलं नवीन सेन्सर मागवतो, तर म्हणाले आधी त्या सेन्सरचा कपलर उघड. उघडला तर पिनेवर हिरवी भुकटी, तांब्याच्या भांड्याला धरते तशी. पीन हात लावताच तुटून बोटावर आली. इथला पाऊस आणि खारी हवा. सेन्सरची लाईन तुटली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन बर्फासारखं थंड आहे, मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, म्हणून धूर. सेन्सर चांगलाच होता. पीन बदलली, काम झालं, बाई अजून येतात. त्या दिवशी वहीत पहिली ओळ लिहिली: गाडी, किलोमीटर, कोड म्हणजे बिघाडाचा नंबर, आणि खरं कारण काय निघालं.

मग मी हौसेने स्वस्तातला ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर मागवला आणि निम्म्या जुन्या गाड्यांना तो जोडलाच जाईना. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसतं म्हणजे आतली भाषा तीच असते असं नाही. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे सगळ्या कंपन्यांची बिघाड सांगायची एकच ठरलेली पद्धत, सक्तीचं झालं २०१३ मध्ये, त्याआधी कंपन्यांनी आपापल्या परीने केलेलं. तेव्हा बायकोने भिशीचे पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली नीट मशीन घे. घेतलं, जुन्या गाड्यांच्या भाषा बोलणारं.

पण मशीनने आधी माझं नुकसानच केलं, आणि ते मला इथे लिहायचं आहे. एका गिऱ्हाईकाच्या गाडीत पी ०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मी ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघून मिश्रण सांगणारा, बदलायला लावला, महागाचा. कोड क्लिअर केला, म्हणजे मशीनने पुसला, आठवड्याने तोच कोड. त्या सेन्सरने तर बिचाऱ्याने खरं सांगितलं होतं, आणि मी त्यालाच काढून टाकला. मग शांत बसून लाईव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे, बघितले: आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) अधिक २२ टक्के, अ‍ॅक्सिलरेटर देऊन २५०० आरपीएमला नेली की उतरून ४ वर. म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येतेय, कारण आयडलला ती हवा एकूण हवेच्या मानाने मोठी पडते आणि रेस केल्यावर नगण्य होते. उलट लोडवर ट्रिम चढत गेली असती तर पंप नाहीतर फिल्टर बघितला असता. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे हात घालून चाचपलं तर रबराच्या नळीला खालच्या बाजूने चीर, वरून दिसतच नव्हती. ती नळी सेन्सरच्या मानाने काहीच नाही किमतीला. सेन्सरचे पैसे मी घरी जाऊन परत दिले. वहीत ती ओळ लाल पेनाने आहे, आणि नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिली तीच वाचायला देतो.

क्लिअर करायला माझा विरोध नाही, उलट कधी कधी तेच औषध. आमच्याकडे तारवटींच्या गाड्या येतात, मालक बोटीवर आणि गाडी सहासहा महिने शेडमध्ये. एका जुन्या सेडानमध्ये अकरा कोड निघाले, त्यात यू ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटल्याचे, कितीतरी, घरचे लोक घाबरले की कॉम्प्युटर गेला. बॅटरी ११ व्होल्टच्या खाली होती. आधी बॅटरी, मग अर्थिंगची पट्टी घासून साफ, मग अकराच्या अकरा कोड वहीत उतरवले आणि तेव्हाच क्लिअर केले. चालवून आणली तर एकच परत आला, पी ०२०२, दोन नंबरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग. उंदराने वायर कुरतडलेली. दहा कोड जुन्या मरगळलेल्या बॅटरीचे होते.

एक काम मात्र करत नाही. गाडी विकायची आहे, नुसता दिवा घालवून द्या, असे फोन येतात. नाही म्हणून सांगतो, त्याने गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, घेणारा पण कुणीतरी घरचा पैसा घालत असतो. शिवाय क्लिअर केल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या दाखवतात, जाणकाराला कळतंच. आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी गॅरेजपर्यंत पण आणू नका, बाजूला घेऊन फोन करा. ते जोराचं मिसिंग असतं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन त्याला जाळतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

आता भाचा हाताशी आहे, मशीन तोच चालवतो, वहीत अक्षर त्याचं. तो आधी फ्रीझ फ्रेम उतरवतो, म्हणजे कोड पडला त्या घडीला स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती. चोर्ल्याच्या चढावर पडलेला कोड आणि म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये पडलेला कोड एकच असला तरी शोधायची जागा वेगळी असते.

चवथीच्या आधी खूप गर्दी होते, त्यामुळे गाडी आणायची असेल तर शक्यतो आदल्या संध्याकाळीच आणून सोडा. सकाळी थंड इंजिनाला पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दाखवायला हवं, तेवढ्यावरून आम्हाला दोन सेन्सर पाना न लावता तपासता येतात. आणि वाटेत कुणी दिवा घालवून देतो म्हणालं तर राहू द्या, लागलेलाच घेऊन या.