तुम्ही विचारलंत म्हणून : सोमवारी मी काहीच का करत नाही?

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी स्पर्धेची, तयारी करणारी मंडळी भेटली, की हा प्रश्न हमखास निघतो. रविवारी शंभर किलोमीटर सायकल चालवणारी बाई सोमवारी चक्क घरी बसते, हे अनेकांना पटत नाही. 'पूर्ण सुट्टी घेतली तर कमावलेला दम जात नाही का? आणि सुट्टी घ्यायचीच झाली, तर ती लांबच्या सरावाच्या आधी घ्यावी की नंतर?' दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नंतर' असे आहे, आणि ते मला माझ्या उजव्या नडगीने शिकवले.

२०२२ साली मी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेची तयारी करत होते. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप आहे. स्पर्धा नोव्हेंबरात होती, म्हणजे तयारीचे सगळ्यात जड आठवडे नेमके पावसाळ्यात येत होते. माझे वेळापत्रक कागदावर मोठे देखणे होते. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी पुण्यातल्या कोथरूडहून शिरवळ आणि परत अशी सायकल, रविवारी सोळा-अठरा किलोमीटर धावणे आणि सोमवारी पहाटे तरण तलाव. शुक्रवारच्या सुट्टीमुळे शनिवारी पाय ताजे असत, कात्रजच्या बोगद्याकडे जाणारा चढ सहज निघे आणि घड्याळातला सरासरी वेग पाहून मन प्रसन्न होई. सुट्टीचा खरा उपयोग आपण केवळ तो आकडा सजवण्यासाठी करत आहोत आणि शरीर सर्वांत थकलेले असते त्या रविवार-सोमवारी त्याच्यावर आणखी ओझे टाकत आहोत, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस नडगीच्या आतल्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या जागी दुखू लागले. पहिल्या किलोमीटरला दुखे, अंग गरम झाले की थांबे, त्यामुळे मी दुर्लक्ष केले. सगळी नडगी ठणकत असेल तर तो बहुधा स्नायूंचा आणि त्यांच्या आवरणाचा त्रास असतो. पण एका बोटाने दाबून 'इथेच' असे दाखवता येत असेल, तर हाडाची शंका घ्यावी, हे मला नंतर कळले. पुढे जिना उतरतानाही दुखू लागले, एमआरआय झाला आणि हाडाला भेग पडण्याची सुरुवात झाल्याचे दिसले. आठ आठवडे धावणे बंद झाले, आणि गोवाही गेले.

डॉक्टरांनी त्या वेळी जे समजावले, ते मी आजही प्रत्येकाला सांगते. वारंवार ताण पडलेल्या हाडाची डागडुजी करताना शरीर आधी जुना, शिणलेला भाग खरवडून काढते आणि मग तिथे नवे हाड भरते. गिलावा करण्यापूर्वी भिंत खरवडावी, तसाच हा प्रकार आहे. खरवडणे लवकर उरकते, भरण्यास मात्र कितीतरी अधिक काळ लागतो, आणि मधले काही आठवडे ते हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. हृदय आणि फुप्फुसे सरावाला लवकर सरावतात, म्हणून दम तर वाढलेला असतो. हाडे आणि स्नायुबंध मागे रेंगाळत असतात. 'मला तर काहीच थकवा वाटत नाही' असे म्हणणारा धावपटू म्हणूनच मला सर्वांत धोक्यात दिसतो. आठवड्यातली एक सुट्टी या कामाला पुरत नाही. तीन आठवडे भार वाढवून चौथ्या आठवड्यात तो निम्म्यावर आणावा लागतो, आणि तो चौथा आठवडा मी आता एखाद्या लग्नाच्या तारखेसारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवते.

माझी दुसरी चूक खास आपल्याकडची होती. त्या वर्षीच्या श्रावणातले सगळे सोमवार मी उपवास केला. स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम चारपाचशे ग्रॅम असते आणि चार तासांची सायकल व त्यापाठोपाठचे लांबचे धावणे तिचा फडशा पाडते. ती भरून निघण्यास पोटभर जेवण मिळूनही साधारण चोवीस तास लागतात. मी मात्र त्या चोवीस तासांत पहाटे पोहत होते आणि दुपारपर्यंत चहावर राहत होते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण थट्टेची असली, तरी खेळाडूने ती मनावर घ्यावी. साबुदाण्याची खिचडी पिष्टाच्या बाबतीत मुळीच वाईट नाही. तिच्यासोबत वाटीभर दही आणि दाण्याची आमटी असली, तर प्रथिनांचीही थोडी सोय होते.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे स्पर्धा ऑक्टोबरच्या आरंभी आणि निज श्रावणातले चारही सोमवार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, असा पेच पडला. उपवास सोडायचा नव्हता, म्हणून महिनाभरापुरता लांबच्या सायकलीचा दिवस शनिवारीच ठेवला, रविवार पूर्ण विश्रांतीला दिला आणि सोमवारी संध्याकाळी, फराळानंतर, अर्धा तास सावकाश पोहणे ठेवले. लांबचे धावणे गुरुवारी पहाटे गेले. हीच मांडणी, सायकल आणि सुट्टी तेवढी एक-एक दिवस पुढे सरकवून, मी आजही पाळते: रविवारी सायकल, सोमवारी काही नाही, गुरुवारी धावणे. दोन लांबचे सराव पाठोपाठ करणारे पुष्कळ आहेत आणि पंचविशीतल्या मुलांना ते पचतही असेल. सत्तेचाळिशीत नोकरी सांभाळून मला ते पचत नाही.

आता पहिला प्रश्न. एका दिवसाच्या सुट्टीने दम जात नाही. ज्यांना ही भीती वाटते, ते बहुधा लांबची सायकलही गरजेपेक्षा जोरात चालवतात. शिरवळच्या अलीकडचा नीरेचा पूल ओलांडेपर्यंत शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, इतकाच त्या दिवसाचा वेग असावा. पुढच्या टोळीच्या चाकामागे लागून खेड शिवापूरचा टापू मारला, तर सोमवार पुरत नाही आणि मंगळवारही पुरत नाही. सकाळी अंथरुणातच मोजलेली माझी नाडी एरवी चोपन्नच्या आसपास असते. ती सलग दोन दिवस साठीच्या वर दिसली, तर त्या आठवड्यातला एक सराव मी बिनदिक्कत रद्द करते.

राहिली घरातली सुट्टी. घरी असलेल्या बाईच्या सुट्टीवर माळ्यावरची भांडी, पडदे आणि बँकेची कामे डोळा ठेवून असतात. पूर्वी माझे सोमवार असेच जात, आणि घड्याळ संध्याकाळी बारा हजार पावले दाखवी. सासूबाईंनीच एकदा विचारले, 'ही कसली गं सुट्टी?' तेव्हापासून पडदे बुधवारी धुतले जातात.

सोमवारी निदान पाय मोकळे करायला तरी बाहेर पडता का, असेही काही जण विचारतात. पडते. सासूबाईंसोबत देवळापर्यंत चालत जाते आणि येताना आम्ही दोघी रिक्षाने येतो.