पावणेतीन तोळ्यांचं पेन

बायकोचं मंगळसूत्र पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलेलं आणि पाटल्या पॉलिशला, त्यामुळे सराफ बाजारातल्या एका पेढीवर मी दुपारचा नुसता बसून होतो. गिऱ्हाईक नव्हतं. काचेच्या पेटीत काटा रिकामा. खिशातलं शाईचं पेन काढलं आणि म्हटलं, "जरा हे ठेवून बघता का?"

सराफाने का म्हणून विचारलं नाही. पेन ठेवलं, पेटीचं दार लावलं आणि आकडा ठरेपर्यंत थांबला. "सतरा ग्रॅम तीनशे मिली," तो म्हणाला, आणि सवयीने पुढे, "शाईची घट धरा."

या उद्योगाला कारण माझा भाचा. माझ्या साठीला त्याला मला एक भारीतलं फाउंटन पेन द्यायचंय. तो पुण्यात कुठल्याशा कंपनीत आकड्यांचं काम करतो, त्यामुळे त्याने प्रेमही तक्त्यात मांडून पाठवलं. नाव, निब, शाई किती मावते, आणि वजन. "मामा, तुम्ही फक्त वजन सांगा, बाकीचं मी बघतो."

तक्त्यात सगळ्यात वर माँ ब्लाँचं १४९. १९५२ सालापासून चालत आलेलं, काळं, जाडजूड, ३२ ग्रॅमच्या आसपास. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन तोळे झाले. हल्लीचा दहा ग्रॅमचा धरला तर सव्वातीन. त्याखाली पेलिकनचं एम ८००, २९च्या आगेमागे. आणि शेवटी जपानच्या प्लॅटिनम कंपनीचं, जेमतेम २०. हिने तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, "सोनं किती त्यात?" माँ ब्लाँची निब तेवढी अठरा कॅरेटची, बाकी अंग राळेचं. कंपनी तिला मौल्यवान राळ म्हणते. "म्हणजे सगळी घडणावळच," ही म्हणाली. "मोडीत काय येणार?" याला उत्तर नाही. किंमत ऐकल्यावर तर प्रश्न जास्तच रास्त वाटतो.

तरी जड वस्तू हातात आली की तिची किंमत आपोआप वाढते, हे खरंच. आई भाजीला जायची तेव्हा वांगं हलकं बघून घ्यायची, बिया कमी म्हणून, आणि लिंबू जड बघून, रस जास्त म्हणून. दोन्ही तळहातांवर एकेक घेऊन डोळे किंचित मिटायची. भाजीवालीचा तराजू नंतर. आता पेन वांग्यासारखं निवडायचं की लिंबासारखं, हे मला साठीपर्यंत कळलेलं नाही.

शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निब कागदाला टेकली की शाई आपली आपण उतरते, हाताने फक्त वाट दाखवायची. म्हणून जड पेनवाले म्हणतात की वजनच लिहितं, तुम्ही धरून बसा. पण वजन कुठे आहे ते बघा ना. पेलिकनच्या त्या ८०० मध्ये शाई ओढायचा दट्ट्या पितळी यंत्रणेवर चालतो आणि ते पितळ मागच्या टोकाला. त्यात टोपण काढून मागे लावायची खोड असेल, जी मला आहे, तर पेन अंगठ्याच्या बेचक्यातून मागे कलंडू बघतं. टोपण टेबलावर ठेवावं म्हणतात. टेबलावर ठेवलेलं टोपण आमच्या घरात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

आणखी एक. माँ ब्लाँच्या निबेवर ४८१० कोरलेलं असतं, त्याच नावाच्या युरोपातल्या डोंगराची मीटरमधली उंची. प्लॅटिनमच्या निबेवर ३७७६, फुजीची. आपण एखादं पेन काढलं तर त्यावर १६४६ कोरावं, अकोले-इगतपुरीच्या शिवेवरच्या कळसूबाईचे. डोंगर बेताचा, किंमतही बेताची. आणि निब बारीकच हवी. जपान्यांचं 'फाइन' हे युरोपियन 'फाइन'पेक्षा बारीक असतं, कारण त्यांना कांजी नावाच्या चित्रलिपीच्या गिचमिडीत रेघ शिरवायची असते. आपल्यालाही 'क्ष्म' लिहायचा असतो. जाड निबेने लक्ष्मी लिहिली की मधे नुसता शाईचा गोळा.

गोळ्यावरून दादा आठवला. रविवारी रात्री घरातली सगळी पेनं तो भरायचा. कॅमल शाईची दौत, ड्रॉपर, खाली जुना 'गावकरी' पेपर अंथरलेला. पेनांची आटी उघडून कोमट पाण्यात टाकायची, निब आणि तिच्या खालची काळी जीभ उपसून अंगठ्याच्या नखाने खरवडायची. आटीवर साबणाचा बारीक हात फिरवायचा, म्हणजे गळत नाही. आणि शाई गळ्यापर्यंत भरायची. अर्धं भरलेलं पेन ओकतं, असं तो सांगायचा. पुढे शाळेत कळलं ते असं, की रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते. दादाला ते विज्ञानाशिवाय माहीत होतं. भरून झालं की प्रत्येक पेनाने त्याच गावकरीच्या कडेला एक 'श्री'. कुठल्या पेनाचा श्री खरखरला तर निब काचेवर पाण्याने आठचे आकडे काढत घासायची. आम्ही हात लावला तर फटका. बोटं तरी निळी व्हायचीच, आणि सोमवारी आई वरणभात कालवताना ती बघून मान हलवायची.

पुढे तो तलाठी झाला. सिन्नर, निफाडकडे बदल्या झाल्या. त्याचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. संगणक येण्याआधीचा त्या भागातला एखादा जुना सातबारा किंवा फेरफार काढलात तर कदाचित त्याच्याच हातचा निघेल. त्याचं पेन साधं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं, पिसासारखं हलकं. दिवसभर लिहिणाऱ्याला जड पेन परवडत नाही, संध्याकाळी मनगट बोलतं. शेतकऱ्याचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून कागदावर उठवायचा आणि शेजारी स्वच्छ अक्षरात 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' लिहायचं, हे त्याने किती वेळा केलं असेल देव जाणे. कोणी लिहिता येत असूनही आळसाने अंगठा पुढे केला तर हा सरळ पेन हातात द्यायचा. "वाकडी तर वाकडी, सही कर."

हल्ली त्याच्या हाताला कंप आहे. सही जुळत नाही म्हणून बँकेतून फॉर्म परत येतात. थरथरत्या हाताला जड वस्तू बरी पडते असं ऐकलं होतं, जड चमचा, जड पेन. तेव्हा भाच्याच्या तक्त्यातलं सगळ्यात वरचं नाव माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी डोक्यात घोळायला लागलं. परवा फोनवर सुचवून पाहिलं.

"कशाला खर्चात पडतोस," दादा म्हणाला. "अंगठा चालतो म्हणालेत. साक्षीदार म्हणून तू ये, म्हणजे झालं."