लोडर बघायला निघालात तर: कोल्हापूर, बेंगळुरू, धारवाड, डिचोली

दोन कामांसाठी दोन लोडर घ्यायचे होते. एक खडी क्रशरवर टिपर भरायला, दुसरा साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, ढकलायला. डीलरची माणसं येतात, चहा घेतात, माहितीपत्रकं ठेवून जातात, आणि माहितीपत्रकात सगळीच मशीन पहिलवान असतात. म्हणून मी, आमचे ऑपरेटर मामा आणि वर्कशॉपचे मिस्त्री गाडी काढून निघालो. बेत साधा होता. नवी मशीन बेंगळुरूच्या प्रदर्शनात एका जागी बघायची आणि येताना तशीच मशीन आठ-दहा हजार तास चाललेली जिथे असतील तिथे वाकडी वाट करून जायचं.

लोडर म्हणजे इथे पुढे बकेट असलेला, मधोमध वळणारा, पाच टनी (पाच टन माल पेलणारा) किंवा त्याहून मोठा. मागे खोदायचा हात असलेल्या मशीनबद्दल हे नाही.

एक्सकॉन हे बांधकाम मशीनचं प्रदर्शन दर दोन वर्षांनी डिसेंबरात भरतं, आम्ही २०२५ चं गाठलं. जागा तुमकुरू रस्त्यावर, मादावरला. कोल्हापूरकडून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने जाताना बेंगळुरू शहर सुरू व्हायच्या आधीच ती लागते, त्यामुळे शहरात हॉटेल घेऊन रोज ट्रॅफिकमधून उलटं बाहेर येण्यात अर्थ नाही. नेलमंगला किंवा तुमकुरूकडे राहा. रेल्वेने जायचं असेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. यशवंतपूरला उतरून मेट्रोची हिरवी लाइन धरली की थेट मादावरपर्यंत जाता येतं. हा शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्याने पार्किंगची कटकट मिटवली. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, सकाळी दार उघडतानाच आत शिरा. दुपारनंतर सेल्फीवाल्यांची गर्दी होते आणि कुणी तुमच्यासाठी बॉनेट उघडत नाही.

मिस्त्रींना बरोबर नेणं हा या प्रवासातला सगळ्यात चांगला खर्च. मी इंजिनाची ताकद विचारत होतो तेव्हा ते खाली बसून ग्रीसचे निपल मोजत होते. लोडरला रोज ग्रीस लागतं, आणि जे निपल बकेट वर धरून खाली वाकल्याशिवाय सापडत नाही त्याला पावसाळ्यात कुणी ग्रीस मारत नाही. सहा महिन्यांनी पिन-बुश वाजायला लागतात. मधल्या सांध्याच्या वरच्या आणि खालच्या पिनांपर्यंत हात कसा पोचतो, ट्रान्समिशनचा फिल्टर जमिनीवर उभं राहून निघतो का, वायरिंग चाकाने उडवलेल्या चिखलाच्या वाटेत आहे का, हे त्यांनी प्रत्येक मशीनवर बघितलं. रेडिएटर, तेलाचा कूलर आणि इंटरकूलर एकामागे एक दाटीने बसवलेत की शेजारी शेजारी, हाही त्यांचा ठरलेला प्रश्न. एकामागे एक असले तर मधली धूळ हवेच्या झोताने निघत नाही. मग उन्हाळ्यात मशीन तापतं आणि दोष ऑपरेटरवर येतो.

आता ब्रँडबद्दल. कॅटरपिलर (कॅट) आपल्याकडे जीएमएमसीओ विकतं, कोमात्सु एल अँड टी. या दोघांची इंजिन, ट्रान्समिशन, ॲक्सल बहुतेक त्यांची स्वतःचीच असतात. व्होल्वोचा कारखाना तुमकुरू रस्त्यालगतच्या पीन्यात आहे. जेसीबी तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनी चाकणला. लिउगाँगचा कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला आहे, तर एक्ससीएमजीची मशीन श्विंग स्टेटर विकतं. पाच टनी वर्गातल्या बऱ्याच मशीनमध्ये, विशेषतः चिनी मुळाच्या, इंजिन कमिन्सचं आणि गिअरबॉक्स झेडएफच्या घराण्यातला असतो.

हा फरक सेवेच्या बाबतीत ताकदीच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. कमिन्सचं इंजिन असेल तर पुणे आणि फलटण आपल्या अंगणात आहेत. जिल्ह्याच्या गावात त्या इंजिनाला हात घातलेला माणूस सापडतो, आणि मशीन बनवणाऱ्याने उद्या डीलर बदलला तरी इंजिन अनाथ होत नाही. पण बिघाड इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सीमेवर असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आमच्या एका जुन्या लोडरचं असंच झालं होतं. ऐन हंगामात तो उभा, आणि दोन कंपन्यांचे दोन इंजिनिअर दोन वेगळे अहवाल देऊन गेले. सगळं एकाच घरचं असेल तर जबाबदारी एकाच घरावर राहते. त्या बदल्यात भाग तिथूनच आणि त्यांच्याच भावाने घ्यावा लागतो. माझं मत असं की डीलरचा डेपो दोन-तीन तासांच्या अंतरावर असेल तर एकाच घरचं मशीन घ्यावं. अंतर त्याहून जास्त असेल, तर बाजारात सुटे भाग मिळतील असंच मशीन घ्यावं. तुमच्या गावाहून डेपो किती लांब आहे हे माहितीपत्रक सांगणार नाही.

कामगिरीतला एक फरक डोळ्यांना दिसतो. बहुतेक लोडरची उचलण्याची रचना झेड-बार असते. जमिनीलगत ढिगात घुसून माल उपटायला तिचा जोर मोठा, म्हणून दगड-खडीला तीच बरी. व्होल्वो टीपी लिंकेज म्हणून वेगळी रचना वापरतं. तिचा जोर खालपासून वरपर्यंत बराचसा सारखा राहतो आणि बकेटऐवजी काटे (फोर्क) लावले तर ते समांतर उचलले जातात. दगडाचे ठोकळे किंवा लाकडाचे ओंडके हलवणाऱ्याने ती जरूर बघावी. खडीवाल्याने तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

दुसरा फरक हायड्रॉलिक पंपाचा. स्वस्त मशीनमध्ये साधा गिअर पंप असतो. तो काम असो-नसो पूर्ण तेल फेकत राहतो. कॅट ९५० जीसीसारख्या मशीनमध्ये लोड-सेन्सिंग पंप असतो, तो लागेल तेवढंच तेल देतो. डिझेलचा फरक इथे पडतो. पण मामांनी जे सांगितलं ते कोणत्या स्टॉलवर ऐकायला मिळालं नाही: गिअर पंप आमच्याच तालुक्यात उघडून दुरुस्त होतो.

परतीच्या वाटेवर धारवाड. टाटा हिताचीचा कारखाना महामार्गाजवळच आहे. आधी डीलरमार्फत वेळ घेतल्याशिवाय गेटवरून आत सोडत नाहीत, तेव्हा ते घरूनच जमवून निघा. धारवाडचा पेढा घ्या, पुढे बेळगाव, आणि तिथून चोर्ला घाटाने डिचोली. घाट पावसाळ्यात टाळा. डिसेंबरात रस्ता देखणा आहे, फक्त अंधाराच्या आत उतरा.

डिचोलीला का? कारण गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात लोडर जितके राबले तितके आपल्या क्रशरवर क्वचित राबतात. खाणीवर, ढिगावर, मांडवीकाठच्या धक्क्यांवर बार्जमध्ये माल टाकायला, सगळीकडे लोडर. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, मधे सुरू झालं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज गेल्या आणि पुन्हा सगळं ठप्प झालं. मालकांनी मशीन यार्डात लावून ठेवली. काही विकली गेली, काही आजही तिथेच आहेत. एका यार्डात आम्ही बराच वेळ घालवला. मालकांनी नावगाव न विचारता सगळं उघडून दाखवलं, वर सोलकढी पाजली.

तिथे एक हिंदुस्तान २०२१ चालू अवस्थेत होती. २०२१ हे मॉडेल आहे, साल नव्हे. हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातली ही मशीन, तो कारखाना पुढे कॅटरपिलरने घेतला. आजच्या मशीनपुढे ती केबिन म्हणजे पत्र्याची पेटी. पण मिस्त्री तिच्याभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते, कारण तिच्यातलं सगळं पान्याने खोलता येतं. यार्डमालक म्हणाले, "हिला लॅपटॉप लागत नाही, पण दुप्पट डिझेल पिते. आता तुम्हीच ठरवा."

गोव्यातून जुनं मशीन घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो. "खाणबंदीत उभी होती, तास कमी आहेत" हे कौतुकाने सांगितलं जातं. उभं राहणं लोडरला मानवत नाही. सील वाळतात, सिलिंडरच्या रॉडला गंज चढतो आणि तो रॉड हलला की नवं सीलही फाडतो. टायर एकाच जागी दबतात. कोकण-गोव्याच्या पावसात ॲक्सलच्या तेलात पाणी उतरलेलं असतं. खालचा प्लग थोडा सैल करा. आधी दुधी पाणी आलं तर तिथेच चहा पिऊन निघा.

याच यार्डात बकेटचा हिशेब नीट समजला. लोडर किती वजन उचलणार हे बकेटवरून ठरत नाही. मशीन पूर्ण वळवलेलं असताना किती वजनाला मागून उचललं जातं ते मोजतात, आणि त्याच्या निम्मं हे कामाचं वजन धरतात. पाच टनी मशीनला ३ घनमीटरची बकेट लावून खडी भरली, घनमीटरला साधारण १.६ टन, तर ४.८ टन झाले, ठीक. तीच बकेट लोहखनिजात घातली तर सात टनांच्या आसपास जाईल, म्हणून खाणीवर त्याच मशीनला लहान बकेट असते. ओली क्रश सँड खडीपेक्षा जड, हे विसरू नका. आणि मोकळा बगॅस घनमीटरला दीडशे-दोनशे किलोच भरतो, त्यामुळे तिथे पाच-सहा घनमीटरची हलक्या मालाची बकेटच हवी. विक्रेत्याने "तीन क्युबिकची मशीन" म्हटलं की आधी माल कोणता ते विचारा.

बारा चाकी टिपर कायद्यात राहून तेवीस-चोवीस टन घेतो, म्हणजे पाच टनी लोडरच्या पाच बकेट. कॅट ९६६ किंवा कोमात्सु डब्ल्यूए ४७० वर्गाचं मशीन तेच चारात किंवा त्याहून कमीत भरेल. ऐकायला छान आहे. पण त्याचे टायर २६.५-२५ चे, पाच टनीचे २३.५-२५ चे, आणि टायरच्या किमतीतली उडी विचारून घ्या म्हणजे झोप उडेल. दारात टिपरची रांग लागत नसेल तर वाचलेला एक मिनिट कुणाच्याच कामाचा नाही. काळ्या दगडाच्या आपल्या क्रशरवर डिझेलखालोखाल पैसा टायर खातात, आणि टायर कापला जातो तो बहुतेकदा ढिगाभोवती सांडलेल्या धारदार गिट्टीवर. दर तासाला एक फेरी जमीन साफ करायला घालवणं हा कोणत्याही ब्रँडच्या तुलनेपेक्षा मोठा नफा आहे.

डेमो मागा, पण आपल्याच जागेवर, आपल्याच ऑपरेटरच्या हातून आणि पूर्ण पाळीभर. कंपनीचा डेमो ऑपरेटर कुठलंही मशीन नाचवून दाखवतो. सपाट जमिनीवर टाकी गळ्यापर्यंत भरायची, दिवसभराचा माल वजनकाट्यावर मोजायचा, संध्याकाळी त्याच जागी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. लिटरला किती टन, एवढा एकच आकडा वहीत लिहायचा. तासाला किती लिटर हा आकडा फसवा आहे, कारण आळशी मशीन कमीच पितं. मशीन वाहून आणणाऱ्या लो-बेड ट्रेलरचं भाडं कोण देणार ते आधी ठरवा.

१ जानेवारी २०२५ पासून नव्या मशीनना सीईव्ही स्टेज ५ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला, त्यामुळे धुराच्या वाटेत फिल्टर आला. शिवाय डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची, वेगळी टाकी असते. फिल्टरमधली काजळी जाळायला मशीन स्वतःला तापवतं. एसीसाठी तासन् तास इंजिन नुसतं चालू ठेवायची सवय असेल तर तो फिल्टर लवकर तुंबतो. इंजिन ऑइल कमी राखेचंच, सीके-४ सारख्या दर्जाचं हवं, आणि डीईएफचे कॅन उन्हात ठेवायचे नाहीत. बगॅस यार्डात तर हा सरळ आगीचा प्रश्न आहे. फिल्टर जळत असताना मशीन ढिगापासून लांब उघड्यावर उभं करायचं, आणि पंखा उलटा फिरवून रेडिएटर साफ करायची सोय नसेल तर ते मशीन बगॅसला घ्यायचंच नाही. हे दोन मुद्दे मी प्रत्येक कोटेशनवर हाताने लिहून पाठवले.

बरोबर आणखी चार गोष्टी लेखी मागितल्या. दोन हजार तासांपर्यंतच्या सगळ्या फिल्टर-तेलांची किंमत. डेपोत आज शिल्लक असलेल्या ट्रान्समिशन पंपाची आणि कंट्रोलरची संख्या. होजची टोकं कोणत्या प्रकारची, म्हणजे आमच्या गावचा होजवाला ती दाबून देऊ शकतो का. आणि पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असलेल्या, निदान पाच हजार तास चाललेल्या मशीनच्या तीन मालकांचे फोन. हे फोन ज्याने लगेच दिले त्याच्याशी पुढचं बोलणं सुरू आहे. एकाने मालकांऐवजी पुन्हा माहितीपत्रकच पाठवलं.

डिचोलीहून परत येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज हा रस्ता घ्या. कारखान्यासाठी घेत असाल तर ऑर्डर मे-जूनमध्येच द्या. ऊस सुरू झाल्यावर डेमो मशीनही मिळत नाही, आणि आरटीओची नोंदणी आणि विमा यातही दिवस जातात.