पावसाळा संपू दे, ताई

9 जुलै 2022 ही तारीख मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, म्हणून रात्री साबुदाणा भिजत घालायला उठले, तर ओट्यावर थेंब पडत होते. महिन्याभरापूर्वीच गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं. 64 हजार रुपये मोजले होते आणि ठेकेदाराच्या लेटरहेडवर पाच वर्षांची गॅरंटी होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली मी लिहून ठेवलं, "छत गळलं."

ठेकेदार कधी उर्मटपणे बोलला नाही. फोन उचलायचा. "ताई, उघडीप मिळाली की माणसं पाठवतो." मग दिवाळी झाली की, मग मुलीचं लग्न झालं की. एकदा माणसं आली, कोबा फोडून दोन भेगा बुजवून गेली. पुढच्या जुलैत परत तेच. साताऱ्याचा पाऊस, छताखाली पातेली मांडून दोन पावसाळे काढले. मला वाटायचं, माणूस नाही म्हणत नाहीये, मग भांडायचं कशाला?

सप्टेंबर 2024 मध्ये वकीलबाईंकडे गेले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "पहिल्यांदा कधी गळलं?" मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. माझी दोन वर्षं जुलैतच संपली होती. फोन, मेसेज, पत्रं, अगदी वकिलाची नोटीस पाठवली तरी ही मुदत वाढत नाही. गॅरंटी पाच वर्षांची आहे, त्यामुळे कारण चालूच आहे असा मुद्दा मांडता येतो. पण त्यावर विसंबू नका, असं त्या म्हणाल्या.

याचं मला फार वाईट वाटलं, कारण बाकी सगळं सोपं होतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील न देता स्वतःही बाजू मांडता येते. अवघड होती ती फक्त तारीख.

आम्ही 23 सप्टेंबरला तक्रार दिली. 76 दिवस उशीर. सोबत विलंबमाफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. मे महिन्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनचे, डिस्चार्जचे कागद जोडले. ते नसते तर मी काय सांगणार होते? ठेकेदाराच्या उत्तरातला पहिला मुद्दा होता, "तक्रार मुदतबाह्य आहे." दोन वर्षं मला "थांबा ताई" म्हणणाऱ्या माणसाचं हे उत्तर वाचून माझे हात थरथरले. आयोगाने पुरेसं कारण मानून उशीर माफ केला, माझ्यावर एक हजार रुपये खर्च बसवला. मूळ तक्रार अजून चालू आहे.

परवा शेजारच्या काकू सोलर हीटरच्या देखभाल कराराचं सांगत होत्या. पैसे भरलेत, कंपनीचा माणूस "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. मी आधी तारीखच विचारली. पहिली तक्रार जानेवारी 2024 ची, संक्रांतीच्या आसपासची. आज नोव्हेंबरची 16 तारीख, साल 2025. उद्या दुपारी जेवणं झाली की त्या पावत्या घेऊन येणार आहेत, आम्ही दोघी अर्ज लिहायला बसतोय.