पाठीवर 'अमेय'

करोनाच्या त्या दिवसांत सर्वसामान्यांना लोकल सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर, एवढीच मोकळी होती. डोंबिवलीहून मी पहाटेचीच गाडी धरायचो आणि दुकान उघडेपर्यंत धोबीतलावला चहाच्या टपरीपाशी बसून राहायचो. शनिवार, १३ मार्च २०२१ तसाच उजाडला. पण रात्री साडेसातला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएलची, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगची, फायनल होती आणि मुंबई सिटी पहिल्यांदाच फायनल खेळणार होती. माझं कशातच लक्ष नव्हतं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात पोटमाळ्यावर माझं काम चालतं. एक कॉम्प्युटर, फिल्ममधून अक्षरं कापणारा एक प्लॉटर, ती कापडावर चिकटवणारा एक हीट प्रेस. जर्सीवर नावं आणि नंबर छापायचे. चौदा वर्षं हेच करतोय. मेस्सी आणि रोनाल्डो किती छापले याचा हिशेब नाही. मराठी आडनावंही भरपूर छापली, पण ती ऑफिसच्या क्रिकेट टीमची, सोसायटीच्या टूर्नामेंटची. ज्याची जर्सी त्याचंच नाव. ज्याच्यावर आपला जीव आहे अशा फुटबॉलपटूचं मराठी नाव पाठीवर मिरवायला कुणी मागितलंय, असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास खालून शेठनी हाक मारली. "अरे, या मुलीला काहीतरी वेगळंच पाहिजे, तूच बघ."

बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तिचे आजोबा. चिंचपोकळीहून बारानंतरची गाडी धरून आले होते आणि चारच्या आत परत गाडीत बसायचं होतं. तिनं साधी आकाशी जर्सी निवडली होती. म्हणाली, "काका, पाठीवर अमेय छापायचंय. मराठीत. आणि खाली दोन नंबर. तोपण मराठीतला."

अमेय रानवडे. मुंबईचा पोरगा, तेव्हा मुंबई सिटीचा राइट बॅक, म्हणजे उजवी बाजू राखणारा बचावपटू. ही मुलगीही शाळेच्या टीममध्ये राइट बॅकच, नंबर दोन. शाळा वर्षभर बंद, मैदानं बंद. चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बॉल मारून सराव चालला होता. गोल करणाऱ्याचं नाव सगळेच छापतात. बॅकला खेळणाऱ्याचं नाव मागणारं गिऱ्हाईक म्हणजे खेळ कळणारं गिऱ्हाईक, हे मी एवढ्या वर्षांत शिकलोय.

आजोबा मात्र गप्पच होते. मी सहज म्हटलं, "आज आपण जिंकणार बघा." त्यांनी मास्क नीट केला आणि म्हणाले, "भाऊ, हिला मी सांगतो, खेळाडूवर जीव लाव, टीमवर लावू नकोस. टीमा मालकाच्या असतात."

ते स्वतः तरुणपणी गिरणीच्या टीममधून खेळलेले. कूपरेजला रोव्हर्स कप बघायला गर्दी कशी उसळायची, मफतलाल आणि ऑर्केचे सामने कसे रंगायचे, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. पण मग त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, तो बंद पडला. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर टीमा गेल्या. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ला देशाची लीग जिंकली आणि २०१० ला ती टीमच गुंडाळली. मुंबई एफसी आली, २०१७ ला तीही गेली. "आता हे परदेशातले मालक. पैसा आहे तोवर टीम आहे," ते म्हणाले.

मला उत्तर सुचलं नाही, कारण यातलं काहीच खोटं नव्हतं.

पण मी त्या टीमचा पहिल्या दिवसापासूनचा माणूस. २०१४ ला ल्युंगबर्ग आला, मग अनेल्का आला, फोर्लान आला. नावं मोठी आणि हाती काही नाही. २०१६ ला गुणतक्त्यात पहिले आलो आणि सेमीफायनलला गळपटलो. ९ मार्च २०१९ ला तर मी अंधेरीच्या स्टेडियमवर होतो. सेमीफायनलचा पहिला सामना, गोव्यानं आमच्याच घरच्या मैदानावर आम्हाला ५-१ नं तुडवलं. स्टेशनपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. गोव्याचा तेव्हाचा कोच सर्जिओ लोबेरा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बातमी आली की मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे उरले ३५ टक्के. आणि पुढच्या हंगामाला कोच कोण, तर लोबेरा! मागोमाग गोव्याहून जाहू आला, फॉल आला, बूमू आला, मंदार राव देसाई आला. ओळखीचे काही जण म्हणाले, ही आपली टीम कसली, ही तर विकत आणलेली गोव्याची टीम. मला तसं कधी वाटलं नाही. जो आपल्याला हरवतो त्याच्याकडून शिकायचं, यात कमीपणा कसला? पाच वर्षं नुसती पोस्टरवर दिसणारी नावं येत होती; आता कुणीतरी खेळ कसा खेळायचा ते ठरवून माणसं आणत होतं. पहिलाच सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ असा हरलो, जाहूला लाल कार्ड मिळालं, तेव्हाही मी घरी म्हटलं होतं, थांबा जरा. नंतर बारा सामने कुणाकडून हरलो नाही. २८ फेब्रुवारीला कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला २-० नं हरवून गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याची शील्ड घेतली. दोघांचे गुण सारखेच, ४०. आपसातल्या दोन्ही सामन्यांत त्यांना हरवलं म्हणून आम्ही वर. आणि फायनललाही समोर तेच.

हे सगळं मी त्या मुलीला सांगत होतो आणि हात काम करत होते. गिऱ्हाइकाला पोटमाळ्यावर येऊ देत नाहीत, पण शेठ काही बोलले नाहीत.

इंग्रजी नावाचं काम सरळ असतं. अक्षरं सुटी, एकेक कापलं जातं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या फाँटमधून 'अमेय' टाइप केलं, आरसा फिरवला (कटिंग उलटं करावं लागतं) आणि प्लॉटरला सोडलं. पातं फिरलं. चिमट्यानं कडेची फिल्म सोलायला घेतली आणि पोटात गोळा आला. अ, म आणि य यांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात. पातं त्या प्रत्येक सांध्यातून आरपार गेलं होतं. मात्रा तर म वरून सुटून चिमट्याबरोबर वर आली. नाव गेलं. पांढऱ्या फिल्मच्या रोलवर आता जेमतेम वीतभर उरली होती आणि वर्षभर धंदा नसल्यानं नवा रोल मागवलेला नव्हता.

"दुसऱ्या रंगात देऊ का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काका, पांढरंच पाहिजे हो." हट्ट नव्हता आवाजात. विनंती होती.

घड्याळात दोन वाजायला आले होते. मी सगळी अक्षरं निवडून वेल्ड केली, म्हणजे एकमेकांत जोडून टाकली. पडद्यावर तीन अक्षरं आणि मात्रा यांची मिळून एकच बाह्यरेषा झाली. इंचन्‌इंच मोजून नाव आणि '२' त्या वीतभर तुकड्यात बसवले. पात्याचा दाब कमी केला, म्हाताऱ्या माणसाची दाढी करावी तसा. आणि या वेळी कडेची फिल्म सोलली तेव्हा खाली राहिलेलं नाव बघून मी स्वतः थबकलो. शिरोरेषेनं तिन्ही अक्षरं धरून ठेवली होती. सुटं काहीच नव्हतं. म च्या पोटातला वाटाण्याएवढा ठिपका सुईच्या टोकानं उचलला, तेवढाच काय तो नाजूक भाग. चौदा वर्षं ही कामं करतोय, पण आपली लिपी या कामाला इतकी बेतशीर बसते हे मला त्या दिवशी कळलं.

दीडशे अंश, पंधरा सेकंद. वर टेफ्लॉनचा कागद, नाहीतर पॉलिएस्टरला चकाकी चढते. प्रेस उघडल्यावर लगेच सोलायचं नाही, गार होऊ द्यायचं. ती हात मागे बांधून उभी राहिली. वरचा कागद मी तिलाच काढायला लावला. सव्वातीनला दोघं निघाले. जिन्यावरून उतरताना आजोबांनी बिलाच्या मागे माझा फोन नंबर लिहून घेतला. "अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं. मला नऊपर्यंत थांबणं भागच होतं. प्रेसला टेकवून फोन ठेवला. प्रेक्षकांविना रिकामी स्टँड, आणि अठराव्या मिनिटाला जाहूकडून बॉल निसटला. बागानच्या कृष्णानं तो विल्यम्सला दिला, गोल. मग एकोणतिसाव्या मिनिटाला जाहूच्याच लांब पासवर त्यांच्या तिरीनं हेडर मारला तो स्वतःच्याच जाळ्यात. एक-एक. पहिला हाफ संपता संपता अमेयच्या डोक्याला टक्कर बसली आणि तो कोसळला. उठेना. दोन्ही टीमची माणसं हात हलवून बोलवायला लागली. रुग्णवाहिका मैदानात आली.

तेवढ्यात फोन वाजला, अनोळखी नंबर. पलीकडे ती मुलगी. रडत नव्हती, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"काका, मी नाव छापलं म्हणून तर नाही ना झालं?"

मला खाली बसावं लागलं. मलाही मुलगी आहे. मी म्हटलं, "नाही गं बाळा. छापलेल्या नावानं कुणाला काही होत नाही. डॉक्टर आहेत तिथे. तू जर्सी अंगातून काढू नकोस. तो बरा होऊन येईल तेव्हा त्याचं नाव तुझ्या पाठीवर असलं पाहिजे." मला कुठे काय माहीत होतं, पण बोललो. मागून आजोबा म्हणाले, "ठेव आता, काकांना बघू दे."

दुसरा हाफ अर्धा दुकानात, अर्धा गाडीत. सीएसएमटीहून गाडी सुटली, रेंज जात-येत होती, चित्र अडकत होतं. नव्वदावं मिनिट. लांब बॉल आला, त्यांचा गोलकीपर पुढे धावत आला आणि गोंधळला, ओगबेचेनं बॉल सोडला नाही, शांतपणे बिपिनकडे ढकलला. आणि चित्र तिथेच थांबलं. काही सेकंद मी त्या थांबलेल्या बिपिन सिंगकडे बघत होतो. मग आधी आवाज आला, मग चित्र. गोल!

मी ओरडलो असणार, कारण समोरच्या माणसानं विचारलं, "मॅच तर उद्या आहे ना?" त्याच्या डोक्यात इंग्लंडची टी-ट्वेंटी होती. मी त्याला फोन दाखवला. "आपली मुंबई. फुटबॉल. शील्डपण आपली आणि कपपण आपला. एकाच हंगामात दोन्ही, हे याआधी कुणालाच जमलेलं नाही." तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि शिट्टी वाजेपर्यंत माझ्याबरोबर बघत राहिला.

घरी पोचलो तरी जीव थाऱ्यावर नव्हता. रात्री उशिरा अमेयची प्रकृती स्थिर असल्याची बातमी वाचली आणि लगेच त्या नंबरवर पाठवली. इतक्या रात्री कोण जागं असणार असं वाटलं होतं. मिनिटाभरात फोटो आला. चाळीची गॅलरी, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिलेली मुलगी, पाठीवर पांढऱ्यात 'अमेय', खाली '२'. शिरोरेषा सरळ बसली होती. फोटोखाली आजोबांचा निरोप: "पुढल्या वर्षी स्टेडियम उघडलं की हिला अंधेरीला घेऊन जायचं म्हणतो. तुम्ही याल का?"

येतो म्हणून लिहिलं. मग लक्षात आलं की गडबडीत एक सांगायचं राहूनच गेलं होतं. पुन्हा लिहिलं: जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवा. छपाईवरून इस्त्री फिरवू नका. सावलीत वाळवा.